आवळा आणि कोहळा

मराठीत आवळा दोन प्रकारचा. एक झाडाला लागतो, दुसरा गॅरेजात ऐकू येतो. गाडीच्या पोटाखालून वस्तादांचा आवाज येतो, "बारक्या, आवळ!" बारक्या आवळतो. "अजून आवळ!" बारक्या पान्याच्या दांडीवर हातभर पाइप चढवतो आणि त्याला लोंबकळतो. "आवळला का रे?" "आवळला, वस्ताद." मग वस्ताद स्वतः पाइप हातात घेतात आणि त्याच बोल्टाला आणखी पाव फेरी देतात. तिची गरज बोल्टाला नसते, हुद्द्याला असते. ती पाव फेरी मारताना ते जे कण्हतात, ते बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या गाडीमालकाच्या कानावर पडतं आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. चला, काम पक्कं झालं. एवढं कण्हून आवळलेला बोल्ट आता काय हलतोय! हाच गृहस्थ वर्षाच्या आत त्याच चाकाखालचा तोच खडखडाट घेऊन त्याच खुर्चीवर परत येऊन बसतो. आवळा देऊन कोहळा काढणं ही म्हण आपण धूर्त माणसासाठी राखून ठेवली आहे. लोअर आर्मच्या बाबतीत आवळा आपण देतो आणि कोहळा गाडी काढते. माझं म्हणणं असं की यात दोष बोल्टाचा नाही, बारक्याचा नाही आणि बहुतेक वेळा पार्टचाही नाही. बोल्ट किती आवळला हे सगळे विचारतात, कधी आवळला हे कोणीच विचारत नाही. खरी गोम त्या 'कधी'त आहे.

ज्यांनी गाडी फक्त वरूनच पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडं खाली वाकू. पुढच्या चाकाला गाडीशी बांधून ठेवणारा जो लोखंडी हात असतो तो लोअर आर्म. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरने १९४० च्या दशकात अशी मांडणी काढली की वर एकच उभा शॉकॲब्सॉर्बर आणि खाली एकच आडवा हात, एवढ्यावर चाक सांभाळता यावं. स्वस्त, सुटसुटीत आणि जागा कमी खाणारी. १९८३ साली मारुती ८०० आली ती हीच मांडणी घेऊन, आणि आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या तिच्यावरच चालतात. या हाताचं बाहेरचं टोक बॉल जॉइंटने चाकाला धरतं आणि आतली टोकं बुश आणि बोल्टाने गाडीच्या सांगाड्याला. बुश म्हणजे नळीत नळी. बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लोखंडी नळी आणि दोघींच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. बोल्ट जातो तो आतल्या नळीतून. आपल्याला वाटतं की दाराच्या बिजागरीसारखा हा हात त्या बोल्टाभोवती फिरत असेल. तो फिरत नाही! बोल्ट आवळला की आतली नळी दोन्ही बाजूंनी पकडीत सापडते आणि जागची हलत नाही. चाक वरखाली होतं तेव्हा फिरतं ते काहीच नाही, पिळलं जातं ते रबर. चाक वर गेलं की रबर एका बाजूला पिळतं, खाली आलं की दुसऱ्या बाजूला, आणि गाडी शांत उभी असली की मधे येऊन विसावतं. विसाव्याची जागा कोणती, हे मात्र रबर स्वतः ठरवत नाही. बोल्ट आवळला त्या क्षणी हात ज्या कोनात होता, तीच त्याची जन्मभराची विसाव्याची जागा.

आता हा क्षण बघा. गाडी लिफ्टवर किंवा जॅकवर उचललेली असते. चाक काढलेलं असतं. लोअर आर्म बिचारा मान टाकून खाली लोंबत असतो. आणि नेमकं अशाच अवस्थेत त्याला आवळलं जातं. लेंग्याची नाडी बांधताना पोट आत ओढून, श्वास रोखून गाठ मारावी आणि मग तसंच जाऊन जिलबीच्या पंगतीला बसावं, तसा हा प्रकार आहे. गाठ उत्तम असते. नाडी मजबूत असते. चुकलेलं असतं ते गाठ मारतानाचं पोट. हिशेबच मांडायचा तर आर्म पस्तीसेक सेंटीमीटर लांब धरा आणि चाक हवेत असताना त्याचं टोक नऊ सेंटीमीटर खाली येतं असं धरा. गाडी जमिनीवर टेकली की हात वर येतो, पण आतली नळी हलत नाही, आणि रबराला बसल्या जागी १५ अंशांचा पीळ पडतो. गाडी सोसायटीच्या आवारात झाडाखाली उभी आहे, मालक वर झोपलाय, आणि खाली रबर रात्रभर मान वळवून जागं आहे. सकाळी गाडी पहिल्या खड्ड्यातून गेली आणि चाक आणखी तेवढंच वर उचललं गेलं की पंधराचे तीस. जिथे दोन्हीकडे पंधरा-पंधरा झेलायचे होते, तिथे एकाच बाजूला तीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. रबर त्या बाबतीत माणसापेक्षा समजूतदार आहे. ते फाटतं आणि पीळ सोडून देतं.

हे काही गुप्त ज्ञान नाही. गाड्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलं असतं की बुशचे बोल्ट आधी हाताने बसवा, गाडी खाली घ्या, चाकांवर तिचं वजन येऊ द्या आणि मगच शेवटचं आवळा. मग हे होत का नाही? कारण दात आहेत तर चणे नाहीत. गाडी वर असते तेव्हा बोल्ट समोर असतो, हाताशी असतो, जणू 'या, मला आवळा' असं म्हणत असतो. पण तेव्हा आवळायचा नसतो. गाडी खाली आली की आवळायचा असतो, तर तो दिसत नाही. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकच्या पोटाखाली जमिनीपासून १७० मिलिमीटरच्या आसपास जागा असते, म्हणजे पाऊण वीत. तिथून मांजर जातं. वडापाववर पोसलेला वस्ताद जात नाही. आणि गंमत अशी की गॅरेज जेवढं आधुनिक, तेवढी ही अडचण मोठी. दोन खांबांची चकचकीत लिफ्ट गाडीला बगलेत धरून उचलते आणि चारही चाकं लोंबकळत ठेवते. त्याउलट जुन्या गॅरेजात जमिनीत खणलेला एक तेलकट खड्डा असायचा. त्याच्या दोन्ही काठांवर चाकं टेकवून ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनी उभी राहायची आणि मिस्त्री आत उतरून डोक्यावर हात करून काम करायचा. त्याला न्यूटनही माहीत नव्हता आणि मीटरही, पण गाडी आपल्या पायांवर उभी असल्यामुळे त्याच्या हातून आवळलेला बोल्ट योग्य मुहूर्तावर आवळला जायचा. म्हणजे रस्त्यावरच्या खड्ड्यात बिघडलेली गाडी गॅरेजच्या खड्ड्यात बरी व्हायची. आपण प्रगती केली ती अशी की दुसरा खड्डा बुजवला आणि पहिला ठेवला.

अर्थात दोष सगळा लिफ्टचा म्हणता येणार नाही. आपल्या भाषेनेच आपल्याला फितवलं आहे. मराठीत 'घट्ट' हा सद्गुण आहे आणि 'सैल' हे चारित्र्यावरचं बोट. जीभ सैल, कारभार ढिला, काम ढिसाळ, डोक्याचा स्क्रूसुद्धा ढिलाच होतो, कोणाचा जास्त आवळला गेलाय असं ऐकायला मिळत नाही. त्यात कंबर कसायची असते, मुसक्या आवळायच्या असतात, फास आवळायचा असतो. अशा मातृभाषेत वाढलेल्या माणसाला 'हा बोल्ट सध्या सैल ठेवा' असं सांगणं म्हणजे मुलीच्या बापाला 'लग्नाची तारीख बघू नंतर' असं सांगण्यासारखं आहे. तो तोंडावर हो म्हणतो आणि पाठ फिरली की आवळून टाकतो. त्यातून 'नंतर' या शब्दावर आपला कोणाचाच विश्वास नाही, आणि तो अविश्वास अनुभवाने कमावलेला आहे. नंतर आवळू म्हणून ठेवलेला बोल्ट नंतर आठवेल याची खात्री कोण देणार? मधेच फोन येतो, चहा येतो, दुसरी गाडी येते, तिच्या मालकाची ओळख आमदारांपर्यंत असते. विसरलेला सैल बोल्ट हा पिळलेल्या बुशापेक्षा निश्चितच वाईट. भोक मोठं होतं, प्रत्येक ब्रेकला 'कट्' असा आवाज येतो आणि पुढचं बोलायला नको. म्हणून वस्ताद आत्ताच आवळतात. त्यांचं तर्कशास्त्र मला समजतं. जाताना विसरू नये म्हणून छत्री घरात आल्या आल्या उघडूनच ठेवणाऱ्या माणसाचं तर्कशास्त्रही मला समजतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. "साहेब, तीस वर्षं झाली हेच काम करतोय. एक चाक निखळलं नाही आजपर्यंत." विधान शंभर टक्के खरं आहे. चाक निखळत नाहीच, निखळावं असं या चुकीत काही नाही. ही चूक इतकी सभ्य आहे की ती त्या दिवशी तोंड उघडत नाही. गाडी गॅरेजातून निघते तेव्हा उलट जास्तच ताठ वाटते, कारण पिळलेलं रबर स्प्रिंगसारखं गाडीला थोडं उचलून धरत असतं. मालक बायकोला म्हणतो, "बघितलंस? नव्यासारखी झाली." ती म्हणते, "अहो, पण जरा आदळतेय." तो म्हणतो, "नवी गाडी आदळतेच." मग सातआठ महिन्यांनी रबराच्या कडेला पहिली चीर पडते, पावसाळ्यात ती रुंदावते आणि गणपतीत कोकणात जाऊन आलं की संवाद असा होतो:

"बुश गेलाय साहेब."

"परवा तर बदलला!"

"माल लोकल होता. मी तेव्हाच म्हटलं होतं, कंपनीचा टाका."

खटला तिथेच संपतो. आरोपी हजर नसतो, तो कुठल्याशा कारखान्यात दुसरे हात ओतत असतो. तीस वर्षांत एकही चाक निखळलं नाही याची वस्ताद नोंद ठेवतात. तीस वर्षांत किती बुश दुसऱ्यांदा बदलले याची नोंद ठेवायची पद्धत नाही. ज्या पुराव्यात फक्त आपली बाजू येते, त्याला अनुभव म्हणतात.

इथे मला बाहेरच्या मालाची थोडी बाजू घ्यायची आहे, सगळ्या नव्हे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला लोअर आर्म मागायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न गाडीचा विचारत नाही, तो विचारतो, "कुठला देऊ?" मग काउंटरवर जातिव्यवस्था मांडली जाते. सगळ्यात वर कंपनीच्या खोक्यातला. त्याखाली, जो कारखाना कंपनीला पुरवतो त्याचाच पण स्वतःच्या खोक्यातला. त्याखाली नुसता 'चांगला'. त्याखाली 'चालेल'. सगळ्यात खाली, खोकं अगदी कंपनीचं, होलोग्राम कंपनीपेक्षाही चमकदार, आणि आत काय आहे ते देवाला ठाऊक. शेवटच्या जातीबद्दल मला काहीही चांगलं बोलायचं नाही. त्यातलं रबर हाताला लागलं तर बोट काळं होतं. पण मधल्या दोन पायऱ्यांवरचा माल अनेकदा नेकीचा असतो, आणि त्याच्या खोक्यात एक घडी घातलेला कागदही असतो. त्यावर बारीक अक्षरांत तीच सूचना छापलेली असते: गाडी चाकांवर उभी असताना आवळा. तो कागद गॅरेजात खरोखर उपयोगी पडतो. भजी त्यावरच ठेवतात. ओरिजनल आणि लोकल यांतला फरक तपासायचा तर दोन्ही हात एकाच पद्धतीने बसवायला हवेत. आपण दोघांनाही लोंबकळत्या अवस्थेत आवळतो, ओरिजनल थोडा जास्त टिकतो आणि त्यावरून आपण कारखान्यांची कुंडली मांडतो.

दुसरा आक्षेप जरा खोल आहे. "कधी आवळायचा ते मान्य. पण किती आवळायचा त्यासाठी तुमचा तो टिकटिक करणारा टॉर्क रेंच कशाला? आमचा हात बसलाय." हाताबद्दल मला आदरच आहे. भाकरी थापायला, चिमटीने मीठ टाकायला आणि नाडी बघायला हातासारखं यंत्र नाही. पण बोल्टाच्या बाबतीत हाताला जे कळतं ते बोल्टाचं नसतंच. बोल्ट आवळायला जो जोर लावतो, त्यातला निम्मा बोल्टाच्या डोक्याखाली घासण्यात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांमध्ये घासण्यात जातो आणि उरलेले दहाएक टक्के प्रत्यक्ष बोल्ट ताणून दोन भाग धरून ठेवण्याच्या कामी येतात. दिल्लीहून निघालेल्या रुपयातले पंधरा पैसेच माणसापर्यंत पोचतात, असं राजीव गांधी १९८५ साली म्हणाले होते. म्हणजे सरकार बोल्टापेक्षा पाच पैशांनी कार्यक्षम. आता आटे गंजले असतील तर दहाचे पाच होतात आणि हाताला वाटतं, वा, काय घट्ट बसलाय! आट्यांना ऑइल लागलं असेल तर दहाचे वीस होतात, हाताला वाटतं अजून सैलच आहे, आणि पाइप चढतो. पाव मीटरच्या पान्यावर चाळीस किलोचा जोर दिला की शंभरेक न्यूटन-मीटर भरतात, आणि बऱ्याच गाड्यांच्या या बोल्टांना साधारण तेवढेच लागतात. त्याच पान्याला पाइप लावून दांडी मीटरभर केली की तेवढ्याच जोरात चारशे. बारा मिलिमीटर जाडीचा बोल्ट तिथवर पोचायच्या आतच मान टाकतो. मान टाकायच्या आधी तो हाताला एकदम हलका लागतो, आणि बारक्या आनंदाने ओरडतो, "वस्ताद, फिरतोय अजून!" फिरणारच. आटे गेले म्हणून फिरतोय.

टॉर्क रेंचही घर्षणाला फसतो, हे मी आधीच कबूल करून टाकतो. फक्त तो दर वेळी सारखाच फसतो. हात मात्र सोमवारी एक, शनिवारी एक आणि पगाराच्या दिवशी तिसराच असतो. काही गाड्यांत आधी ठरावीक टॉर्क आणि मग वर अमुक अंश फिरवा असं सांगितलेलं असतं, आणि तो बोल्ट एकदाच वापरायचा असतो. नवा बोल्ट आणा म्हटलं की मालक वस्तादांकडे असा बघतो जणू त्यांनी नवीन गाडी घ्यायला सांगितली. हजारो रुपयांचा आर्म घेतलेला माणूस एका बोल्टाच्या किमतीवर अडतो. लग्नात हॉल लाखाचा घेऊन अक्षता रेशनच्या तांदळाच्या करणारे आपण, त्यामुळे यात नवल नाही.

तिसरा आक्षेप घेणारे लोक वेगळेच. त्यांची थार असते, ती मुळातच उंच असते आणि त्यांनी ती आणखी उंच केलेली असते. ते म्हणतात, "रबराची कटकटच नको, आपण पॉलीयुरेथेन टाकलंय." मुद्दा बरोबर आहे. पॉलीयुरेथेनचा बुश आतल्या नळीला चिकटवलेला नसतो, तो तिच्यावर खरोखरच बिजागरीसारखा सरकतो. त्याला लोंबकळत आवळा नाहीतर उभ्याने, पीळ पडत नाही. इथे माझा सगळा युक्तिवाद गळून पडतो, आणि तो पडल्याचा आवाज लगेच ऐकू येतो: कुईऽऽ कुईऽऽ. कारण सरकणाऱ्या वस्तूला ग्रीस लागतं, ग्रीस भरायला आठवण लागते आणि आठवण ठेवणारा माणूस मुळात रबराचा बोल्टही खाली आणूनच आवळणारा असतो. शिवाय रबर जो थरथराट गिळून टाकतं, तो हा कडक बुश इमाने इतबारे आत पोचवतो. मालक त्याला 'रोड फील' म्हणतो. मागे बसलेल्या सासूबाई त्याला वेगळं काही म्हणतात. आणि एक गोष्ट या उंचावणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. गाडीची उंची बदलली की उभं राहण्याचा कोनही बदलतो, म्हणजे ज्या जुन्या रबरी बुशना कोणी हातही लावलेला नाही तेसुद्धा आता जन्मभर पिळलेल्या अवस्थेत उभे राहणार. तेही सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळायला लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ असल्या बदलांकडे कसं बघतं, तो विषय मी इथे काढत नाही. ज्याने गाडी वाढवली त्यानेच तो वाचावा.

राहिले रविवारचे मेकॅनिक. हा वर्ग शिकलेला, नीट माहिती काढलेला आणि 'उभ्याने आवळायचं' हे पक्कं ठाऊक असलेला असतो, म्हणून माझा सगळ्यात जास्त जीव यांच्यावर आहे आणि सगळ्यात जास्त हाल यांचेच होतात. सकाळी सातला सुरुवात. जुना बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो, विशेषतः गाडी रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत राहिली असेल तर. नट सुटतो, बोल्ट नाही. दुपारपर्यंत तो सुटतो, तर बाहेर येत नाही, कारण गिअरबॉक्सचं पोट दोन बोटं आड येतं. संध्याकाळी तो बाहेर येतो तेव्हा खोक्यातून नवा हात निघतो आणि तो डावा की उजवा यावर कुटुंबात मतभेद होतात. खोक्यावर 'एल' लिहिलेलं असतं, पण ते गाडीत बसून पुढे बघणाऱ्याचं डावं असतं, आणि हा गृहस्थ गाडीखाली उताणा पडून मागे बघत असतो. बॉल जॉइंटच्या कंगोऱ्यांच्या नटात कॉटर पिन घालायची तर खाच आणि भोक समोरासमोर येत नाहीत. नियम असा की नट पुढे फिरवून जुळवायचा, मागे नाही. पण मागे फिरवणं सोपं असतं आणि अंधार पडलेला असतो. एवढं सगळं निभावून शेवटी तो क्षण येतो, ज्यासाठी त्याने एवढी तयारी केली. आता गाडी खाली घ्यायची आणि मग आवळायचं. बायको गॅलरीतून विचारते, "झालं का हो?" तो गाडीकडे बघतो, पाऊण वीत जागेकडे बघतो, स्वतःच्या पोटाकडे बघतो. आणि आवळून टाकतो. वरच. माहीत असून! अज्ञानी माणसाची चूक आणि ज्ञानी माणसाची चूक यांत बुशला काहीच फरक कळत नाही.

खरं तर या माणसाला एक सोपी वाट होती. गाडी उचलायच्या आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून हातावर लिहून ठेवायचं. सगळं जोडून झालं की गाडी घोडीवर असतानाच चाकाच्या हबखाली दुसरा जॅक लावून चाक हळूहळू वर घ्यायचं, तेच अंतर येईपर्यंत. तेच अंतर, तोच कोन. मग आरामात, समोर दिसणारा बोल्ट, टॉर्क रेंच, टिक. गाडी हलकी असेल तर घोडीवरून उचलली जात नाहीये ना एवढं बघायचं. आणि घोडी हवीच, नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये, यात विनोद नाही. पण टेप ही वस्तू आपल्याकडे खिडकीचे पडदे शिवायला टाकताना एकदा सापडते आणि त्यानंतर सापडत नाही.

शेवटचा आक्षेप वस्तादांचा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त मान्य आहे. ते म्हणतात, "साहेब, अर्धा तास जास्तीचा लागतो. तो कोण देणार? गिऱ्हाइकाला गाडी चारला पाहिजे, साडेतीनपासून फोन चालू." हे खरं आहे. जो माणूस शिंप्याला उभं राहून माप देतो, 'जरा सैलच ठेवा, धुतल्यावर आटेल' असं बजावतो, तोच गाडीच्या बाबतीत मात्र तिला फांदीला टांगून माप घेतलं तरी चालवून घेतो, फक्त चारला हवी. अलाइनमेंट करून घ्या म्हटलं तर तो म्हणतो, "गेल्याच महिन्यात केलंय." आर्म बदलला की चाकाचे कोन बदलतात, महिना कुठला ते टायरला कळत नाही. तेव्हा पुढच्या वेळी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठा, गाडीखाली वाका आणि वस्तादांना एवढंच विचारा: "शेवटचं आवळलंत तेव्हा गाडी वर होती की खाली?" उत्तर 'वर' असं आलं तर वाद घालू नका. नट सैल करायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि पुन्हा आवळायचे, याला वीस मिनिटं लागतात. वस्तादांना चहा पाजला तर पंधरा.